‘शक्य असेल तेथवर’ : काँग्रेसच्या संरक्षणविषयक ठरावांची भाषा

राजकीय पक्षांचे ठराव वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने वाचावेत, असे सहसा कुणी सुचवत नाही. ते रूक्ष असतात, अनेक हातांनी लिहिलेले असतात आणि मंजूर झाल्यावर बहुधा विस्मरणात जातात. तरीही एखाद्या वाक्यात ‘परंतु’, ‘शक्यतो’, ‘तूर्तास’ हे शब्द कुठून आले, कुणाच्या आग्रहाने आले आणि कुणाच्या समाधानासाठी राहिले, हे शोधण्याची जी सवय संहितेच्या अभ्यासातून आपल्याला लागते, ती या मजकुरालाही लावून पाहण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखात राष्ट्रीय संरक्षणासंबंधीचे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे काही ठराव अशा रीतीने वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

याला निमित्त आहे ते एका सर्वत्र आढळणाऱ्या समजाचे. काँग्रेस हा अहिंसावादी पक्ष होता. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर त्याने सैन्याकडे दुर्लक्ष केले. त्यामुळे १९६२ साली चीनकडून पराभव झाला. व्याख्यानांतून, वृत्तपत्री लेखांतून आणि वर्गातल्या चर्चेतूनही ही साखळी इतक्या सहजपणे मांडली जाते की तिच्यातला प्रत्येक दुवा तपासून घ्यावा, असे कुणाला वाटत नाही. याच्या नेमका उलट समजही प्रचलित आहे : अहिंसा ही काँग्रेसची निव्वळ सोय होती, सत्ता हाती येताच ती गुंडाळून ठेवण्यात आली. ठरावांच्या संहितेपुढे हे दोन्ही समज टिकत नाहीत.

प्रारंभ अर्थातच अहिंसेपासून होत नाही. तो खर्चापासून होतो. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि त्या पहिल्याच अधिवेशनात लष्करी खर्चातील नियोजित वाढ अनावश्यक व देशाच्या उत्पन्नाच्या मानाने अवाजवी आहे, असा ठराव झाला. याच बैठकीत उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्यालाही विरोध नोंदवला गेला. या दोन ठरावांचा परस्परसंबंध उघड आहे. हिंदुस्थानच्या तिजोरीतून पोसले जाणारे सैन्य साम्राज्याच्या सरहद्दी वाढवण्यासाठी वापरले जात होते. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे दिलेल्या साक्षीत आणि १९०२ पासूनच्या आपल्या अर्थसंकल्पीय भाषणांत हाच मुद्दा आकडेवारीनिशी मांडला. दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, कर मात्र कमी होत नाहीत आणि वाढत्या महसुलाचा मोठा वाटा लष्कर गिळते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. यात शस्त्राविषयी नैतिक आक्षेप नव्हता. सैन्य कुणाचे आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढाच प्रश्न होता.

किंबहुना शस्त्र हाती यावे, हीच तेव्हाची मागणी होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून लष्करातील वरच्या जागा हिंदी माणसांना मिळाव्यात, त्यांच्यासाठी देशात लष्करी महाविद्यालये असावीत आणि १८७८ चा शस्त्रबंदीचा कायदा सौम्य व्हावा, या मागण्या काँग्रेसच्या व्यासपीठावरून होऊ लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, लोकमान्य टिळकांची भूमिका अशी होती की सैनिकभरतीला साहाय्य करू, परंतु हिंदी तरुणांना अधिकारपदे मिळणार असतील तर. गांधीजी त्याच उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात पायी फिरून विनाअट सैनिकभरतीचा प्रचार करीत होते. ज्याच्या नावाने पुढे अहिंसा ओळखली जाणार तो भरती करतो आहे आणि ज्याला जहाल म्हणून ओळखले जाते तो अटी घालतो आहे, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकी विभागणीत बसत नाही. नंतरही, जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत लष्करी खर्च निदान निम्म्याने कमी करण्याची मागणी होती आणि तिच्याबरोबरच स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत, हीही मागणी होती.

निम्म्याची ही मागणी १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात दाखल झाली. स्वराज्यात लष्करावरील खर्च सध्याच्या निदान निम्म्यावर आणला जाईल, असे त्यातले कलम सांगते. येथे प्रथमच पक्षाने भावी राज्यकर्ता या नात्याने संरक्षणाविषयी काही लिहून ठेवले. आणि जे लिहिले ते खर्चाच्या प्रमाणाविषयी होते. सैन्य केवढे असावे, कोणत्या सरहद्दीवर असावे, शस्त्रे कुठे तयार व्हावीत, यांविषयी कलम मौन पाळते. परक्या सैन्याचा भार उतरवायचा होता. आपले सैन्य कसे उभारायचे, हा प्रश्न तेव्हा समोर नव्हता. ज्याच्या हाती सत्ता नाही अशा पक्षाच्या बाबतीत हे स्वाभाविक म्हणावे लागेल. मात्र ही जागा तेव्हापासूनच रिकामी राहिली, एवढे ध्यानात ठेवू.

आता अहिंसेकडे वळू. १९२० च्या नागपूर अधिवेशनात पक्षाच्या घटनेत स्वराज्यप्राप्तीची साधने ‘वैध व शांततामय’ असावीत, असे शब्द आले. ‘अहिंसा’ हा शब्द तिथे नाही. १९३४ साली गांधीजींनी या दोन विशेषणांच्या जागी ‘सत्य व अहिंसात्मक’ असे शब्द घालावेत, अशी दुरुस्ती सुचवली. त्या वर्षीच्या मुंबई अधिवेशनाने ती स्वीकारली नाही. गांधीजी त्याच सुमारास काँग्रेसच्या सदस्यत्वातून मोकळे झाले. वरवर पाहता हा दोन पर्यायी शब्दांतला किरकोळ वाद वाटेल. परंतु ‘शांततामय’ हे कृतीचे वर्णन आहे, तर ‘अहिंसात्मक’ या शब्दामागे एक संपूर्ण जीवनदृष्टी उभी आहे. पहिल्या शब्दाने पक्ष एका लढ्यापुरता बांधला जात होता. दुसऱ्याने तो कायमचा बांधला गेला असता. प्रतिनिधींनी हा फरक ओळखला, असेच म्हणावे लागते. पक्षाने अहिंसा ‘धोरण’ म्हणून घेतली होती, ‘धर्म’ म्हणून नव्हे, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. त्याचा लेखी पुरावा या नाकारलेल्या दुरुस्तीत आहे.

लढ्याच्या साधनाविषयीचा हा वाद राष्ट्राच्या संरक्षणापर्यंत येऊन पोहोचला तो १९४० च्या जून महिन्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये हिंदुस्थानला न विचारता व्हाइसरॉयने युद्ध पुकारले होते आणि प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते. १४ जूनला पॅरिस पडले. इंग्लंडही पडेल, अशी शक्यता उघडपणे बोलली जात होती. उद्या इंग्रज गेले आणि दुसरे कुणी दाराशी आले, तर? १७ ते २१ जून या काळात वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक झाली आणि गांधीजींनी तिच्यापुढे सरळ प्रश्न ठेवला : स्वतंत्र भारत आपले संरक्षण अहिंसेने करील, असे पक्ष आज जाहीर करू शकतो काय?

कार्यकारिणीने नकार दिला. स्वातंत्र्यलढ्यापुरती अहिंसा कायम राहील. परंतु परचक्र व अंतर्गत बंडाळी यांपासून राष्ट्राचे रक्षण करण्याच्या बाबतीत आपण गांधीजींबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही, असे निवेदन तिने काढले. गांधीजींना त्यांच्या मार्गाने जाण्याचे स्वातंत्र्य असावे म्हणून पक्षाच्या कार्यक्रमाच्या जबाबदारीतून त्यांना मुक्त करण्यात आले. चक्रवर्ती राजगोपालाचारी या भूमिकेचे प्रमुख प्रवक्ते होते आणि सरदार पटेल त्यांच्या बाजूला होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीला झालेल्या ठरावाने पुढचे पाऊल टाकले : पूर्ण स्वातंत्र्याची घोषणा करा, केंद्रात हंगामी राष्ट्रीय सरकार स्थापन करा, म्हणजे काँग्रेस देशाच्या संरक्षणाच्या कामी आपली सर्व शक्ती लावील. खान अब्दुल गफारखान यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. ज्यांना आपण लढवय्ये पठाण म्हणून ओळखतो, त्यांच्या नेत्यानेच शस्त्राच्या वाटेला जाण्यास नकार द्यावा, ही त्या वादातली सर्वांत बोलकी घटना होय. २७ व २८ जुलैला पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने वर्ध्याचे निवेदन आणि दिल्लीचा ठराव या दोहोंना बहुमताने मान्यता दिली. मात्र विरोधात आणि तटस्थ राहिलेल्यांची संख्याही दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. आचार्य कृपलानी आणि शंकरराव देव यांच्यासारखे नेते गांधीजींच्या बाजूला झुकलेले होते.

म्हणजे वर्धा आणि पुणे या दोन ठिकाणी, स्वातंत्र्याच्या सात वर्षे आधी, काँग्रेसने राष्ट्रीय संरक्षणापुरता शांततावाद औपचारिकपणे नाकारला होता. १९६२ ची साखळी गुंफताना हा दुवा हमखास गळतो.

परंतु येथेच थांबलो, तर आपलेही वाचन अर्धवट ठरेल. ८ ऑगस्ट १९४० च्या सरकारी घोषणेने राष्ट्रीय सरकारची मागणी धुडकावली आणि १५-१६ सप्टेंबरला मुंबईच्या बैठकीत पक्ष पुन्हा गांधीजींकडे आला. त्या ठरावात असे शब्द आहेत की, काँग्रेस समितीचा अहिंसेच्या धोरणावर व आचरणावर दृढ विश्वास असून तो केवळ स्वराज्याच्या लढ्यापुरता नाही, तर स्वतंत्र भारतातही, ती लागू करणे शक्य असेल तेथवर, आहे. ‘शक्य असेल तेथवर’! या एका क्रियाविशेषणात्मक वाक्यांशाच्या आधाराने दोन तट एका ठरावाखाली सह्या करू शकले. गांधीजींना त्यात ‘स्वतंत्र भारतातही’ हे शब्द दिसले; राजाजींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘शक्य असेल तेथवर’ हे दिसले. १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून भाषण केले, ते या ठरावाच्या छत्राखाली.

हे दोन अर्थ किती काळ एकत्र नांदणार? डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि महिन्याच्या अखेरीस बार्डोलीला कार्यकारिणी भरली. चर्चेत गांधीजींच्या ध्यानात आले की युद्धातील असहकार हा अहिंसेच्या कारणासाठी आहे, असा अर्थ आपण मुंबईच्या ठरावातून काढला होता, तर बहुसंख्य सहकारी तो राजकीय कारणासाठी आहे, असे मानत होते. ३० डिसेंबरच्या पत्रात त्यांनी अध्यक्ष मौलाना आझाद यांना कळवले की ठरावाचा अर्थ लावण्यात आपली गंभीर चूक झाली. सबब आपल्याला नेतृत्वाच्या जबाबदारीतून मुक्त करावे. राजकारणाच्या इतिहासात असे प्रसंग दुर्मीळ असतात. एक नेता आपल्या पक्षाचे पंधरा महिन्यांपूर्वीचे वाक्य पुन्हा वाचतो, त्यातले दुसरे वाचन अधिक बरोबर आहे हे मान्य करतो आणि बाजूला होतो. येथे डावपेच नव्हता, असे ठामपणे कोण म्हणेल? परंतु वाद ज्या पातळीवर झाला ती पातळी शब्दार्थाची होती, याची नोंद वाङ्मयाच्या अभ्यासकाने घ्यायलाच हवी.

पुढच्या काही महिन्यांत चित्र आणखी पालटले. मार्च-एप्रिल १९४२ च्या क्रिप्स वाटाघाटी ज्या मुद्द्यांवर फिसकटल्या, त्यांत संरक्षण खाते कुणाकडे, हा प्रमुख होता. युद्धाचे संचालन सरसेनापतींकडे राहणार होते आणि हिंदी सदस्याकडे जी कामे देऊ केली गेली त्यांत सैनिकांची उपाहारगृहे, लष्कराची लेखनसामग्री व छपाई यांचा समावेश होता. अहिंसेचा पक्ष म्हणून ओळखली जाणारी संघटना संरक्षणाचे खरे अधिकार मिळावेत म्हणून अडून बसली, ही गोष्ट आपल्या रूढ समजाशी जुळवून पाहावी. आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर मंजूर झालेल्या ‘छोडो भारत’ ठरावात तर स्पष्ट शब्द आहेत : हंगामी सरकारचे पहिले कर्तव्य म्हणजे आपल्या हाताशी असलेल्या सर्व सशस्त्र तसेच अहिंसक शक्तींनिशी, दोस्त राष्ट्रांच्या सहकार्याने, देशाचे रक्षण करणे. ‘सशस्त्र तसेच अहिंसक’. ज्या लढ्याचे नेतृत्व गांधीजी करणार होते, त्याच्या मूळ ठरावात हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसले आहेत. १९४० चा वाद सोडवला गेला नाही. ‘तसेच’ या अव्ययाने तो ओलांडला गेला.

स्वातंत्र्यानंतरच्या घटनांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, तर त्यांत विसंगती कमी आणि सातत्य अधिक दिसते. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस काश्मीरमध्ये सैन्य उतरले. गांधीजींनी त्याला विरोध केला नाही. उलट त्या तुकडीने थर्मोपिलीच्या स्पार्टन वीरांप्रमाणे लढता लढता प्राण दिले तरी आपण अश्रू ढाळणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी प्रार्थनासभेत काढले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात सैन्य गेले आणि त्याला ‘पोलीस कारवाई’ हे नाव मिळाले. मराठवाड्यात आजही हा शब्दप्रयोग रूढ आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा लष्करी कारवाईने मुक्त झाला. तिन्ही वेळा शस्त्र उचलण्यास पक्षाची तत्त्वनिष्ठा आड आली नाही. म्हणून १९६२ च्या पराभवाचे खापर अहिंसेवर फोडणे ऐतिहासिकदृष्ट्या चूक आहे.

मग उणीव कुठे होती? माझ्या मते ती त्या कराचीच्या कलमात रिकाम्या राहिलेल्या जागेत होती. पक्षाने साठ-सत्तर वर्षांत संरक्षणाविषयी तीन प्रश्न मनःपूर्वक चर्चिले : खर्च कोण करतो, सूत्रे कुणाच्या हाती असावीत आणि शस्त्र वापरणे योग्य काय. ‘कसे’ हा चौथा प्रश्न मात्र त्याच्या व्यासपीठावर क्वचितच आला. ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात सरदार पटेलांनी तिबेटमधील चिनी प्रवेशानंतर उत्तर सीमेच्या संरक्षणाचा फेरविचार करण्याची निकड नेहरूंना कळवली. हे नेत्याने नेत्याला लिहिलेले पत्र होते. त्यानंतर ईशान्य सीमेच्या पाहणीसाठी हिंमतसिंहजी समिती नेमली गेली, ती सरकारी पातळीवर. २९ एप्रिल १९५४ च्या करारातून पंचशील आले. संरक्षणावरचा खर्च या दशकात राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्क्यांच्या आसपास राहिला. विकासाला अग्रक्रम देण्याचा तो निर्णय असमर्थनीय होता असे नाही. गोखल्यांपासूनचा युक्तिवाद त्यामागे होता. पण गोखले परक्या सैन्याविषयी बोलत होते. आपल्या सैन्याविषयी तोच युक्तिवाद कितपत लागू पडतो, याची फेरतपासणी पक्षाने जाहीरपणे केली नाही. ज्या संघटनेने एका वाक्यांशाच्या अर्थासाठी गांधीजींशी फारकत घेण्याची तयारी दाखवली, तिने सीमेवरच्या रस्त्यांसाठी, रसदीसाठी, सैनिकांच्या गरम कपड्यांसाठी तशी चर्चा केली नाही.

या काळात व्यक्तींच्या भूमिकांची झालेली अदलाबदल मोठी अर्थपूर्ण आहे. १९४० साली गांधीजींच्या बाजूला झुकलेले कृपलानी पुढे काँग्रेसबाहेर पडले आणि लोकसभेत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचे सर्वांत कठोर टीकाकार झाले. १९६२ च्या प्रारंभी उत्तर मुंबईतून ते मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि हरले. उलट १९४० साली सशस्त्र संरक्षणासाठी आग्रह धरणारे राजाजी सप्टेंबर १९६२ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष केनेडींना अणुचाचण्या थांबवण्याची विनंती करीत होते. यावरून दोघांना विसंगत ठरवण्याची घाई करू नये. शस्त्र हाती घेणाऱ्या राष्ट्राने ते नीट घ्यावे, असे कृपलानींना वाटत होते. शस्त्राला कुठेतरी सीमा असावी, असे राजाजींना. पुण्याच्या ठरावानंतर जे बोलणे पक्षात व्हायला हवे होते, ते या दोघांनी पक्षाबाहेरून केले.

पराभवानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्रात तेव्हापासून घरोघर झाले आहे. त्या वाक्यातल्या अभिमानात एक तपशील मात्र झाकोळून जातो. चव्हाण हे १९४२ च्या सातारा जिल्ह्यातील भूमिगत चळवळीतून घडलेले कार्यकर्ते होते. ‘सशस्त्र तसेच अहिंसक’ या शब्दांचा अर्थ त्या पिढीने ग्रंथातून नव्हे, तर गावोगावच्या अनुभवातून लावला होता. त्यांच्या कारकिर्दीत १९६४ मध्ये संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि हवाई दलाच्या ४५ तुकड्या, असे ठोस आकडे तिच्यात होते. ‘कसे’ या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले, पण ते सरकारच्या योजनेत.

पक्षाच्या व्यासपीठावर जुना वाद मात्र लगेच परतला. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने अणुस्फोट केला आणि नोव्हेंबरमध्ये गुंटूरला भरलेल्या काँग्रेस समितीत अनेक सदस्यांनी भारतानेही बॉम्ब बनवावा, अशी मागणी केली. लालबहादुर शास्त्रींनी ती थोपवली आणि अणुशक्तीचा वापर शांततेसाठीच, हे धोरण कायम ठेवले. दहा वर्षांनी, १८ मे १९७४ ला, इंदिरा गांधींच्या सरकारने पोखरणला चाचणी केली, तेव्हा तिचे अधिकृत वर्णन ‘शांततामय अणुस्फोट’ असे झाले. नागपूरच्या घटनेतले ते विशेषण चौपन्न वर्षांनी वाळवंटातल्या स्फोटाला लागले.

त्यावर हसणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ते केलेही. परंतु ‘शांततामय’, ‘शक्य असेल तेथवर’, ‘तसेच’, ‘पोलीस कारवाई’ या शब्दांच्या रांगेत तो शब्द ठेवून वाचला, तर त्यात निव्वळ ढोंग दिसत नाही. ज्या पक्षात गफारखान आणि सरदार पटेल एकाच वेळी होते, त्या पक्षाला एका वाक्यात राहण्यासाठी अशा शब्दांची गरज होती. मतभेद मिटला नसल्याची ती प्रामाणिक नोंद आहे. या शब्दांनी पक्ष फुटू दिला नाही. मात्र त्यांच्या आडोशाला चौथा प्रश्न अनेक वर्षे पडून राहिला आणि त्याची किंमत १९६२ च्या हिवाळ्यात सीमेवरच्या सैनिकांनी मोजली. आज कोणत्याही पक्षाचा जाहीरनामा उघडला, तरी संरक्षणाच्या प्रकरणात ‘कणखर’, ‘सज्ज’, ‘तडजोड नाही’ अशी विशेषणे आढळतात. ती मोजण्याऐवजी त्या प्रकरणात ‘कसे’ या प्रश्नाला किती ओळी दिल्या आहेत, ते विद्यार्थ्यांनी शोधावे.